विहिरीवरच्या खोलीपर्यंत

मी भोचक माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी म्हणायला नको की, बाबा रे, तुला वायर ओढायला बोलावलं होतं, तू लोकांच्या घरात नाक कशाला खुपसलंस? खुपसलं. तीस वर्षं खुपसत आलोय. वायरीसाठी भिंतीला भोक पाडायचं म्हणजे आधी पलीकडे काय आहे ते बघावंच लागतं. पलीकडे माणसं असतात, त्याला माझा इलाज नाही.

या अंकासाठी कामाबद्दल काही लिहा, असा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, ‘वायरीबद्दल काय लिहिणार तुम्ही? इकडून निघाली, तिकडे गेली, संपलं.’ तिचंही बरोबर आहे. पण ती तिकडे कशाला गेली, हे मला कायम बघायचं असतं. सुरुवात केली तेव्हा मी पंचवटीतल्या गच्च्यांवरून टीव्हीची केबल टाकायचो. या गच्चीवरून त्या गच्चीवर भेंडोळं फेकायचं, खाली रिक्षावाले शिव्या द्यायचे. पुढे टीव्हीचं सोडून इंटरनेटचं काम धरलं. आता घरातल्या घरात नेट जोडून द्यायला गल्लीत चार पोरं सापडतात. मला बोलावतात ते लांबच्या जागेसाठी. गोठा, पोल्ट्री, कांद्याची चाळ, गच्चीवरची खोली. नेट घरात असतं आणि माणसाला ते दुसरीकडेच हवं असतं. तिथे कशाला, हा माझा पहिला प्रश्न. कामासाठी तो विचारायची काही गरज नसते, पण विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

नामपूरकडच्या एका शेतकऱ्याने कांद्याच्या चाळीत कॅमेरा बसवून घेतला. मला वाटलं, चोराची भीती असेल. तसं काही नव्हतं. त्याला कांदे बघायला आवडायचे. जेवताना मोबाइल समोर ठेवून बघत बसायचा. पंचवटीतल्या एका गुरुजींना गच्चीवरच्या खोलीत नेट हवं होतं, परदेशातल्या यजमानांची पूजा तिथून सांगायची म्हणून. सरळ रस्ता देवघराच्या भिंतीतून जात होता. गुरुजी म्हणाले, ‘वायर जाऊ दे, तिला काही नाही. तुम्ही मात्र आंघोळ करून घ्या.’ घेतली. त्यांचाच ओला पंचा नेसून, अंगातून पाणी निथळतंय अशा अवस्थेत मी ड्रिल मशीन हातात धरलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने येऊन बटण बंद केलं. ‘अहो, मरेल ना तो माणूस!’ मग मला कोरडं सोवळं मिळालं. रेशमी सोवळं नेसून भिंतीला भोक पाडणारा नाशिकमधला मी एकटाच असेन, असं मला उगीचच वाटतं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो आणि मनात आलं ते एकच काम. त्यात मी एक मोठी चूक केली, आणि ती चूक द्राक्षाच्या मळ्यातच होऊ शकते.

वणीच्या अलीकडे प्रकाशभाऊंचा मळा आहे. रस्त्याला लागून बंगला, मागे द्राक्षाची बाग, बागेच्या पार पलीकडच्या टोकाला विहीर आणि विहिरीवर एक खोली. बंगल्यापासून तिथपर्यंत सव्वातीनशे मीटर. पूर्वी त्या खोलीत औषधं आणि क्रेट ठेवायचे. आता तिथे प्रकाशभाऊंची आई राहत होती. सगळे तिला माई म्हणायचे. वय सत्तरीच्या जवळ, गुडघा दुखरा, नजर मात्र घारीसारखी. तिला खोलीत नेट हवं होतं.

‘काका, ती काय ऐकत नाय,’ प्रकाशभाऊ म्हणाले. ‘बंगल्यात सगळं हाय. एसी हाय, टीव्ही हाय. पण तिला म्हणे गोंगाट नको. तीन वर्षं झाली, तिकडंच राहते. जेवण मी नेऊन देतो नाहीतर मनीषा नेऊन देते.’

मनीषा म्हणजे त्यांची बायको. ती चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, ‘लोक मला नावं ठेवतात काका. सुनेनं सासूला मळ्यात टाकलं म्हणतात. मी काय केलं ते मलाच कळंना झालंय.’ प्रकाशभाऊ दुसरीकडे बघायला लागले. मला तिचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर कानही टवकारले.

आता थोडं कामाचं सांगतो. साधी नेटची वायर शंभर मीटरपर्यंत इमानदारीनं चालते. त्यापुढे तिच्यातला माल वाटेत सांडायला लागतो. मग दोन रस्ते उरतात. एक म्हणजे बिनतारी. इकडच्या छतावर एक पांढरा डबा, तिकडच्या छतावर दुसरा, दोघांची तोंडं समोरासमोर. मध्ये काही आडवं आलं की त्यांचं बोलणं तुटतं. दुसरा रस्ता फायबरचा. आत केसाएवढी काचेची तार, तिच्यातून उजेड पळतो. कितीही लांब न्या, तक्रार करत नाही. विजेलाही भीत नाही. पण ती टाकायची म्हणजे वाट पाहिजे.

मी सोपं ते केलं. बंगल्याच्या गच्चीवर एक डबा, विहिरीवरच्या पत्र्यावर एक डबा. अर्ध्या दिवसात काम झालं. माईनं मला खोलीत पाणी दिलं आणि पहिलंच वाक्य काय बोलली, तर ‘तोंडातल्या क्लिपा काढ आधी.’ वायर ठोकताना क्लिपा ओठांत धरायची आम्हाला सवय असते. मी म्हटलं, गिळीन अशी काळजी वाटत असेल बाईला. काढल्या. मी स्टुलावर चढून पाठमोरा बोलायला लागलो तर म्हणाली, ‘इकडं तोंड करून बोल.’ शिस्तीची बाई दिसते, असं म्हणून मी सोडून दिलं.

महिनाभरात प्रकाशभाऊंचा फोन आला. चित्र अडकतं. तेही दुपारीच. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक, दुपारी दोन वाजले की अडकतं. हे ऐकून मला आनंदच झाला. अशा वेळापत्रकानं येणाऱ्या तक्रारी मला फार आवडतात. मी मुद्दाम दुपारी गेलो आणि विहिरीच्या कठड्यावर बसून वर बघत राहिलो. आषाढाचे दिवस. दोनच्या सुमारास डोंगराकडून वारा सुटला आणि विहिरीजवळची सुबाभळ डोलायला लागली. तिची एक फांदी बरोबर दोन डब्यांच्या मध्ये येत होती आणि जात होती.

आत येऊन मी माईला म्हटलं, ‘फांदी आडवी येते. आत्तापुरतं असं करा, व्हिडिओ बंद ठेवून नुसतं बोला. आवाज एकदम स्वच्छ येईल.’ हा सल्ला आम्ही सगळ्यांना देतो. आवाजाला थोडकं नेट पुरतं, चित्राला जास्त लागतं.

‘आवाज नको मला,’ माई म्हणाली. ‘आवाज काढून घे पाहिजे तर. चित्र दे.’

तीस वर्षांत अशी मागणी मी ऐकली नव्हती. सगळ्यांना उलटं हवं असतं. मी विचारलं, ‘कुणाशी बोलता माई?’

‘बहिणीशी. नामपूरला असते. तुला काय करायचंय?’

‘पण बहिणीशी बोलायला आवाज तर...’

‘फांदी तोड नाहीतर दुसरं काही कर. मला चित्र अडकलेलं चालायचं नाय.’

फांदी तोडली असती तर पुढच्या वर्षी दुसरी आली असती. मी फायबर टाकायचं ठरवलं. जमिनीतून नेऊ म्हटलं तर प्रकाशभाऊ हात जोडायला लागले. खाली ठिबकची पाइपलाइन, वेलांच्या मुळ्या, कुठे कुदळ मारणार? बांधाच्या कडेनं नेली असती तर दुप्पट वायर आणि दोन दिवसांचं खोदकाम. तेव्हा माझी नजर मांडवावर गेली. द्राक्षाच्या वेलांना चढायला डोक्याएवढ्या उंचीवर तारा ताणलेल्या असतात. बंगल्यापासून विहिरीपर्यंत एक सरळ ओळ, एक सरळ तार. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! तारेच्या कडेनं काळी फायबर बांधत गेलो. वर पानांची गच्च सावली, उन्हानं वायर तडकायची भीती नाही, कुणाच्या पायात यायची नाही. कुणाला दिसलीसुद्धा नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

जोडणी झाल्यावर माईनं लगेच बहिणीला व्हिडिओ लावला. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला आणि समोर बसली. पडद्यावर तिच्यासारखाच चेहरा, फक्त जरा गोल. ही शांता. दोघी बोलायला लागल्या. माई अहिराणीत बोलत होती, हसत होती, कुणाला तरी नावं ठेवत होती. तिकडून शांता हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होती. पण आवाज नव्हता. एक शब्द नाही. मला वाटलं, माझ्या जोडणीतच गडबड राहिली. आवाज शून्यावर होता. मी हात पुढे करून वाढवला. शांताचा आवाज खोलीत खणखणीत घुमला.

माईची पापणी हलली नाही. ती तशीच ऐकत राहिली, म्हणजे बघत राहिली. मग तिला माझा हात मोबाइलवर दिसला आणि तिनं तो फाडकन झटकला.

मी स्टुलावर बसलो. क्लिपा, पाठमोरं बोलणं, चित्र दे, सगळं ओळीनं डोळ्यांसमोर आलं. फोन आटोपून माईनं माझ्याकडे बघितलं.

‘कळलं ना? आता गप बस.’

‘कधीपासून?’ मी विचारलं. या वेळी समोर तोंड करून, सावकाश.

‘एक कान आधीच कमी होता. तीन वर्षांमागं तापात दुसरा गेला. नाशिकला एकटी जाऊन दाखवलं. मशीन लावलं तर नुसता भणभणाट. डॉक्टर म्हणाला, नस गेली.’

‘घरात कुणालाच माहीत नाही? अहो, कशासाठी?’

माईनं बागेकडे हात केला. ‘छाटणी कधी धरायची, औषध कोणतं मारायचं, घड किती ठेवायचे, अजून मला विचारतात. प्रकाश येतो, समोर उभा राहतो, विचारतो. माझ्या सासूला ऐकू येईना झालं ना, त्या दिवसापासून तिला कुणी काही विचारलं नाय. सांगितलंसुद्धा नाय. घरात असून पाहुणी झाली. मी पण तेच केलं तिच्याशी. मला माहीत हाय काय होतं ते.’

बंगल्यात चार माणसं चार बाजूंनी बोलतात, टीव्ही चालू असतो, तिथे सोंग टिकलं नसतं. खोलीवर एका वेळी एकच माणूस येतं, आणि दारातून येतं. म्हणून ही खोली. सुनेवर राग नव्हता की काही नव्हतं.

‘आणि बहिणीचं सगळं कसं कळतं?’

तेव्हा ती हसली. नामपूरला त्यांचे वडील फार तापट. दुपारी ओसरीवर झोपायचे आणि जरा आवाज झाला तर मार. मग या दोघी पोरी समोरासमोर बसून नुसत्या ओठांनी बोलायच्या. तासन्‌तास. ‘दुसऱ्यांचं मला निम्मं कळतं, निम्मं मी अंदाजानं भरते. शांताचं सगळं कळतं. पोटभर बोलायला मला ती एकच उरलीय.’

मी कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. निघताना मनीषानं परत चहा दिला आणि विचारलं, ‘माझ्याबद्दल काही बोलल्या का?’ मी नाही म्हटलं. एवढा बोलका माणूस मी, आणि नेमकं जिथे बोलायला हवं होतं तिथे शब्दाला बांधून बसलो.

भाद्रपदात प्रकाशभाऊंचा फोन आला. शांतामावशीला घशाचा कर्करोग निघाला होता. ऑपरेशन करायचं तर आवाजाची पेटीच काढावी लागणार, आवाज कायमचा जाणार. सगळं घर सुन्न झालं होतं. ‘माईला नेट बंद पडलेलं चालायचं नाय काका, ध्यानात ठेवा.’ मी म्हटलं, बिनधास्त राहा, तुमच्याकडची फायबर वीस वर्षं हलणार नाही. असं बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं!

आता ती चूक. द्राक्षाची दसऱ्याच्या सुमाराला छाटणी होते. घड याच छाटणीनंतर लागतात, म्हणून सगळी बाग एकदम धरतात. पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. काम एकरावर ठरलेलं असतं, त्यामुळे हात इतका झपाट्यानं चालतो की बघत राहावं. हातात कात्री, मान वर, मांडवावर जी काडी दिसेल ती कच्. पानांची सावली, जिच्यावर मी एवढा खूश झालो होतो, ती दोन दिवसांत जमिनीवर येते. मी नाशिक जिल्ह्यात जन्मलो, द्राक्षं खात मोठा झालो, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. तारेच्या कडेला काडीएवढीच जाड, काडीसारखीच काळपट वायर मी हौसेनं बांधून ठेवली होती.

प्रकाशभाऊंचा फोन आला. ‘काका, खोलीवरचं नेट बंद पडलंय.’ मला वाटलं, प्लग निघाला असेल. ‘उद्या येतो,’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी एका शाळेचं काम निघालं. परत ‘उद्या येतो.’ आमच्या धंद्यातला हा उद्या तुम्ही सगळ्यांनी भोगलेला आहे. आम्हालाही तो बोलताना काही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो.

बाग ओळखू येईना. उघडे वेल, उघड्या तारा, खाली काड्यांचा खच. मी माझ्या ओळीत शिरलो. वीतभर वायर तारेला लटकत होती, मग काही नाही, मग पुन्हा हातभर. मोजली. अकरा तुकडे. टोळीचा मुकादम जवळ आला, एक तुकडा त्याच्या हातात होता.

‘ही तुमची का बाबा? आमाला काय ठावं. मांडवावर दिसल ते कापायचा, असाच सांगतात. एक काडी लय चिवट लागली म्हणून मी बोललोसुद्धा.’

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. माझ्या कामाचीच वाट चुकली होती.

माई खोलीच्या दारात उभी होती. तीन दिवसांत चेहरा उतरला होता. ऑपरेशन होऊन शांता चार दिवसांपूर्वी नामपूरला घरी आली होती. दवाखान्यात माई एकदा जाऊन आली होती, पण तेव्हा शांता गुंगीत होती. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघींचं बोलणं व्हायचं ठरलेलं, आणि त्याच सकाळी कात्र्या चालल्या. खोलीवर मोबाइलला एखादी दांडी येते, तिच्यावर व्हिडिओ चालत नाही. बंगल्यात नेट चालू होतं. पण बंगल्यात सगळ्यांच्या देखत, आवाज बंद ठेवून ती कशी बोलणार? ती माझी वाट बघत बसली होती. तीन दिवस.

‘किती वेळ लागंल?’ तिनं विचारलं.

‘नवी वायर ओढावी लागेल माई. संध्याकाळ होईल.’ माझी मान वर होत नव्हती. मग आठवलं, आणि मान वर करून तेच पुन्हा सांगितलं.

तेवढ्यात प्रकाशभाऊ ओळीतून धावत आले. नामपूरहून शांताच्या मुलाचा, दिलीपचा फोन होता. मावशी तीन दिवस काही घेत नव्हती. नळीनं दूध द्यायला गेलं की हात झटकायची, पलंगावर मुठी आपटायची, तोंडानं काहीतरी सांगायची, पण घशातून आवाजच नाही तर कळणार कसं? लिहून दाखव म्हणावं तर ती शाळेत गेलेली नाही. डॉक्टर म्हणत होते, असंच चाललं तर परत भरती करावं लागेल. ‘ती माईचं नाव घेतल्यासारखं करते म्हणे. छातीवर हात आपटते आणि मोबाइलकडं बोट दाखवते.’

प्रकाशभाऊ बोलत असताना माई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कितपत कळलं कुणास ठाऊक. पण मोबाइलकडे दाखवलेलं बोट कळलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बंगल्याकडे. मग चप्पल घातली आणि काड्यांच्या खचातून, गुडघ्यावर हात देत, चालायला लागली. मी मागे. सव्वातीनशे मीटर. माझ्या वायरीनं एका क्षणात पार करायचं अंतर ती बाई पावलापावलानं कापत होती, आणि तिच्या मनात काय चाललं असेल ते त्या मळ्यात फक्त मला माहीत होतं. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

बंगल्याच्या हॉलमध्ये मनीषानं टीव्ही बंद केला. माईनं मोबाइल टीपॉयवर, पाण्याच्या जगला टेकवून ठेवला आणि समोर बसली. व्हिडिओ लागला. शांता उशांना टेकून बसली होती, गळ्याला पांढरी पट्टी, नाकात नळी. बहिणीला बघताच तिचे डोळे भरून आले.

‘माई, आवाज बंद हाय,’ म्हणत प्रकाशभाऊंनी मागून हात पुढे केला आणि वाढवून दिला. एकदम दिलीपचा आवाज हॉलभर घुमला. तो आईच्या कानाशी वाकून जिवाच्या आकांतानं ओरडत होता. ‘माय! ओ माय! तुले पानी पाहिजे का? दुखस का?’ त्याच्यामागून त्याची बायको ओरडत होती. आणखी कुणीतरी ओरडत होतं. मनीषानं कानावर हात ठेवले. माई शांत बसून पडद्याकडे बघत होती.

शांताचे ओठ हलायला लागले. भराभर, रागानं. माईनं मान डोलावली. शांता आणखी बोलली. आणि माईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. तिकडे शांताही, गळ्यावर हात धरून, बिनआवाजाची हसली.

‘मावशी,’ दिलीप घाबराघुबरा पडद्यासमोर आला, ‘काय म्हनस माय?’

‘ती म्हनस,’ माई म्हणाली, ‘मना कान धड शेतस, तुम्ही आरडतस कसाले? तीन दिवस झाले, जो येतो तो कानात बोंबलतो. डोकं उठलं म्हनस. आधी गप बसा, मग दूध घेते.’

आवाज गेलेल्या माणसाशी सगळं घर बहिऱ्याशी बोलावं तसं बोलत होतं. आणि तीन दिवसांत ते एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

‘पन तुले कसं कळनं मावशी? आवाज तर येतच नई.’

आता माईला काहीतरी थाप मारता आली असती. बहिणीचं मन बहिणीला कळतं, असं म्हणाली असती तर सगळ्यांनी डोळे पुसले असते आणि विषय मिटला असता. मी दारात उभा राहून मनातल्या मनात तिला तेच सुचवत होतो. माईनं क्षणभर बहिणीकडे बघितलं.

‘बहिरी ती नई शे, दिलीप,’ ती म्हणाली. ‘मी शे. तीन वर्षं झाली.’

प्रकाशभाऊ सोफ्याच्या मागे उभे होते. ते ‘माई’ म्हणाले. मग जरा मोठ्यानं ‘माई’ म्हणाले. ती पडद्याकडेच बघत होती. मनीषा उठली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं नवऱ्याला दंडाला धरून पुढे आणलं आणि माईच्या समोर जमिनीवर बसवलं.

‘माई, मला का नाय सांगितलं?’

माईनं त्यांच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघितलं. ‘काय?’

त्यांनी पुन्हा विचारलं.

‘तुझं मला निम्मंच कळतं रे,’ ती म्हणाली. ‘मिशा केवढ्या त्या. वरचा ओठ दिसतच नाय.’

मनीषा रडता रडता हसायला लागली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, तुकडे गोळा केलेली पिशवी मांडीवर घेऊन. पुष्कळ वेळानं आतून माईचा आवाज आला. ती प्रकाशभाऊंना सांगत होती की, विहिरीकडच्या तीन ओळींत काडी जास्त आखूड कापलीय, मुकादमाला बोलव. ते ‘हो माई’ म्हणाले आणि लगेच उठून तिच्यासमोर जाऊन पुन्हा ‘हो’ म्हणाले.

त्या संध्याकाळी मी काम चालवण्यापुरती वायर तशीच मोकळी टाकून दिली. चार दिवसांनी सामान घेऊन परत गेलो, बांधाच्या कडेनं चर खणून, पाइपात घालून, कायमची टाकायला. पहिल्यांदाच करायला हवं होतं ते. माईनं बंगल्यात यायचं कबूल केलं नव्हतं, खोली तिला आवडायला लागली होती. आता दुपारी नामपूरहून दिलीप मोबाइल आईसमोर धरतो आणि तिचं दिवसभराचं मागणं माईला विचारून घेतो, असं कळलं.

फाटक उघडायला एक माणूस आला. मी म्हटलं, ‘प्रकाशभाऊ आहेत का?’ तो माझ्याकडे बघून हसला, तेव्हा ओळख पटली. ओठावर गुळगुळीत, नाकाखालची कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा गोरी. आमच्याकडे घरात मयत झाल्याशिवाय असा माणूस मिशी उतरवत नाही. मी सामान तिथेच खाली ठेवलं आणि घाईनं विहिरीवरच्या खोलीकडे बघितलं.

‘घाबरू नका काका,’ ते म्हणाले. ‘काल वणीच्या बाजारातबी चौघांनी विचारलं, कोण गेलं म्हणून.’

‘मग काय सांगितलंत?’

‘काय सांगायचं? म्हटलं, कोणी नाय गेलं. आईला दिसत नव्हतं.’